सोलापूरहून कासवांच्या पाण्यात: नेत्राणीची शेअरिंग बोट, घरच्या तयारीपासून परतीपर्यंत

पहिल्यांदा कासव बघायला समुद्रात उतरलो तेव्हा मला कासवाची फक्त पाठ दिसली, तीही लांब जाणारी. मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. डोकं वर, पाय सायकल मारल्यासारखे, हात धपाधप. बोटीवरचा पोरगा कठड्याला रेलून बघत होता. तो हसत म्हणाला, "सर, आमे ओडि होय्तु." आमे म्हणजे कासव, आणि ते पळून गेलं. सोलापूरकराला एवढं कन्नड सांगावं लागत नाही.

त्यानंतर मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कासव मनसोक्त बघितलं. नशीब असतंच, पण मधल्या काळात नशीब बदललं नव्हतं, माझं पोहणं बदललं होतं. समुद्रात कासव शोधण्यासारखं फार काही आपल्या हातात नसतं. ते दिसल्यावर पळू नये इतकं शांत तरंगता येणं मात्र हातात असतं, आणि ते सोलापुरातच शिकता येतं. म्हणून या लेखात समुद्राआधी सोलापूरच जास्त आहे.

कुठं जायचं

आपल्याकडून तीन पर्याय आहेत. मालवण-तारकर्ली सगळ्यांना माहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग होतं, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी (स्नॉर्कल) लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं, रंगीत मासे दिसतात, पहिल्या अनुभवासाठी उत्तम. पण तिथं कासव दिसेल या आशेनं जाऊ नका. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर जी कासवं अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले. तो सोहळा वाळूवरचा, पाण्याखालचा नाही.

दुसरं टोक लक्षद्वीपचं. तिथल्या उथळ लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या अडलेल्या पाण्यात, हिरवी कासवं समुद्री गवत चरतात, अक्षरशः गुरांसारखी. अगत्तीच्या लगूनमध्ये तर एकेकाळी ती इतकी वाढली की गवताचा फडशा पडला आणि तिथले मच्छीमार त्यांच्यावर नाराज झाले. कासव हमखास बघायचं असेल तर लक्षद्वीपच. पण परवाना काढा, कोची गाठा, तिथून विमान किंवा जहाज पकडा. आठवड्याची सुट्टी आणि जड खिसा, दोन्ही लागतं.

मधला पर्याय नेत्राणी. उत्तर कन्नड जिल्ह्यात भटकळ तालुक्यातल्या मुरुडेश्वरपासून समुद्रात सुमारे १९ किलोमीटरवर एक छोटं खडकाळ बेट आहे, वरून हृदयाच्या आकाराचं दिसणारं. सोलापूरहून नान्नज जेवढं लांब, जवळपास तेवढंच अंतर, फक्त पाण्यातून. बोटीला तास-दीड तास लागतो. बेटावर उतरायचं नसतं. पूर्वी नौदलानं ते तोफांच्या सरावासाठी वापरलेलं आहे. आपण बेटाच्या कडेला, पाण्यातच थांबायचं. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे, माशांचे थवे आहेत, हिरवी आणि हॉक्सबिल कासवंही फिरतात. दिसतीलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथं पैसे भरू नका.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मे असा ढोबळ हंगाम. पावसाळ्यात बोटी बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, यावरून समुद्राचा कल समजा. मला स्वतःला डिसेंबर ते फेब्रुवारी पटतं. पाणी नितळ, ऊन सोसण्याजोगं. संक्रांतीच्या आसपास शाळांना सुट्टी असते म्हणून बरेच जण तेव्हा बेत करतात, पण सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज सोडून समुद्रावर जायला माझं मन धजत नाही. गड्डा, म्हणजे ती जत्रा, आटोपला की जावं.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती-ओहोटीचा फरक मोठा, म्हणजे पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास आणि पुढचे एक-दोन दिवस भांग असते, तेव्हा पाणी तुलनेनं निवांत. बेत अष्टमी ते दशमीत बसला तर सोनं. शनिवार-रविवार टाळता आले तर बोटीत गर्दीही कमी.

वाऱ्याचं गणित आपण शाळेत भूगोलात घोकलेलं आहे: खारे वारे आणि मतलई वारे. परीक्षेनंतर ते कुणाच्या उपयोगी पडलं असेल असं वाटत नाही, पण इथं पडतं. दिवसा जमीन तापते, दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, लाटा उठतात. पहाटे-सकाळी समुद्र सपाट असतो. म्हणून सकाळची पहिली बोट घ्या. "दुपारी पण सेमच असतंय" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. निघायच्या दोन दिवस आधी इन्कॉइस या हैदराबादच्या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा, त्यात लाटांची उंची दिलेली असते. नवशिक्यांसाठी माझी स्वतःची रेघ एक मीटरची. त्यापेक्षा जास्त दिसलं तर मुरुडेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि एक दिवस थांबायचं.

सोलापुरातला महिना

निदान चार आठवडे हातात ठेवा. घरात कुणीतरी "समुद्रात कशाला जालालाव, हिप्परग्याच्या तळ्यावर जावा की" म्हणणारच, त्यांना हसून सोडून द्या.

आधी मास्क आणि स्नॉर्कल विकत घ्या. बोटीवर मिळतात, पण कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलेलं ते, आणि मापाचं नसतं. एकदा एका ठिकाणी मला मिळालेल्या मास्कचं रबर उन्हानं चिरलेलं होतं. अर्धा वेळ मी मासे नव्हे, मास्कमधलं पाणी बघत होतो. बघून घ्यायची पद्धत सोपी आहे. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा बघा, पट्टा आवळून काही होत नाही. काच टेम्पर्ड हवी, कडा सिलिकॉनच्या. तोंडासकट सगळा चेहरा झाकणारा मास्क बाजारात झोकात दिसतो. मी घेणार नाही आणि घ्या असं सांगणारही नाही. श्वास लागला की तो झटकन तोंडावरून काढता येत नाही.

मिशांचा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच. मिशांच्या केसांतून पाणी झिरपतं. नाकाखालची बारीक पट्टी साफ केली तरी भागतं. तेही जिवावर येत असेल तर व्हॅसलीनचा पातळ थर लावा, थोडं पाणी तरी येईलच. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. त्याशिवाय कासव म्हणजे एक हलता डाग.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, त्यामुळे सारखी वाफ धरते. पांढरी टूथपेस्ट बोटानं आतून चोळा, धुवा, दोन-तीनदा करा. पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आत फिरवून विसळायचा. तो विसरला तर थुंकी. ओशाळू नका, बोटीवरचे जाणतेही तेच करतात.

आता तलाव. जलतरण तलावात आठ-दहा दिवस जा, पण लांबी मारायला नव्हे. ज्यांनी पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत शिकून घेतलं त्यांची सवय अशी की डोकं पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. स्नॉर्केलिंगला नेमकं उलटं लागतं. तोंड पाण्यात, नजर खाली, मान सैल.

पहिले दोन दिवस फक्त कठड्याला धरून उभे राहा, मास्क-स्नॉर्कल लावून तोंड पाण्यात घाला आणि तोंडानं श्वास घ्या. बस एवढंच. नाक बंद असताना तोंडानं श्वास घ्यायची मेंदूला सवय नसते, तो घाबरतो, छाती धडधडते. ही धडधड तलावात होऊन गेलेली बरी. श्वास लांब, बाहेर सोडणं आणखी लांब. मनात "ओम नमः शिवाय" म्हणत सोडा, वेळ बरोबर बसते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालथं तरंगा, हातपाय न हलवता. मग मुद्दाम डोकं जरा खाली करून नळीत पाणी जाऊ द्या आणि जोरात "टू" म्हटल्यासारखी फुंकर मारून बाहेर काढा. हे दहा वेळा, वीस वेळा, शेवटी कंटाळा येईपर्यंत करा. समुद्रात लाट आली की नळीत पाणी जाणारच. ज्याला फुंकर जमते तो हसतो, ज्याला जमत नाही तो मास्क उपटून खारट पाणी पितो. त्यानंतर मास्कमधलं पाणी काढणं: डोकं किंचित वर, मास्कची वरची कड बोटांनी दाबायची, नाकानं हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं.

शेवटचे दिवस पायांचे. फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) बांधून मांडीपासून संथ पाय हलवा. गुडघा वाकवून सायकल मारली की फेस होतो, आवाज होतो आणि पुढं काही जात नाही. हात पोटाशी किंवा मागे. माझा कोच म्हणायचा, पाणी हलताना दिसलं नाही पाहिजे. कासवासमोर हेच एक कौशल्य कामाला येतं.

शेवटी एकदा लाइफ जॅकेट घालूनही तरंगून बघा. नारिंगी, जाड फोमचं जॅकेट माणसाला उताणं करायला बघतं, त्यामुळे पालथं राहणं अवघड जातं. खालचे पट्टे सैल असतील तर जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि मान आखडते. पट्टे खालून वर आवळत जा. पोहता येतं म्हणून समुद्रात जॅकेट काढायचं नाही, यावर चर्चा नाही.

रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह, फिट्स यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पडून राहणं वाटतं, पण घाबरलेल्या माणसाच्या हृदयाला त्याचा चांगला ताण पडतो. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर विचारल्याशिवाय जाऊ नये.

बोट ठरवताना

नेत्राणीच्या बहुतेक बोटी शेअरिंगच्या असतात: काही जण स्कूबा डायव्हिंगचे, काही स्नॉर्केलिंगचे, काही नुसते नवरोबा-नवरीबाईचे फोटो काढायला आलेले. यात एक मेख आहे. डायव्हिंगचा कार्यक्रम लांबतो आणि तोपर्यंत स्नॉर्केलिंगवाले बोटीवर हेलकावे खात बसतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: आम्ही पाण्यात नेमके किती मिनिटं असू? "अर्धा दिवस" हे उत्तर नाही, त्यात जायचा-यायचा वेळही मोजलेला असतो.

मग पुढचे. पाण्यात आमच्यासोबत गाइड उतरणार का, आणि एका गाइडमागे किती माणसं? मला सहापेक्षा जास्त चालत नाहीत. बोटीत एकूण किती जण, तेवढी जॅकेट्स आहेत का, लहान मुलांच्या मापाची आहेत का? ऑक्सिजन आणि प्रथमोपचार पेटी असते का? पाण्यातून वर यायला शिडी आहे ना? बोटीवर शौचालय आहे का? हा प्रश्न बायका विचारायला लाजतात आणि मग पाणीच पीत नाहीत. उन्हात, समुद्रात तेच जास्त धोक्याचं. हवा बिघडून बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? दरात मास्क-फिन्स, नाश्ता, फोटो धरलेत की वेगळे?

आणि शेवटचा, माझा आवडता: कासव दिसलं तर तुम्ही काय करता? "आम्ही बोट जवळ नेतो, हात पण लावता येतो" असं उत्तर आलं की फोन ठेवा. एका किनाऱ्यावर मी असाच फसलो होतो. इंजिन चालू ठेवून त्यांनी कासवाला गोल घेरलं, सगळे ओरडत होते, आणि ते बिचारं श्वास घ्यायला वर यायचं तेव्हा खाली जात होतं. सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाघाला हात लावून फोटो काढायला कुणी म्हणत नाही.

ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. पैसे भरल्याची पावती मोबाइलवर मागून घ्या. कन्नडमध्ये बोललात तर बोलणं लवकर जुळतं. आपलं सोलापुरी कन्नड ऐकून ते हसतील, हसू द्या.

रस्ता

सोलापूरला समुद्र नाही असं म्हणतात, पण सोलापुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ थेट समुद्रापाशीच संपतो. विजयपूर, हुबळी, यल्लापूर करत तो अंकोल्याला उतरतो. तिथून महामार्ग ६६ ने डावीकडे वळून कुमठा, होन्नावर आणि मग मुरुडेश्वर. सगळं मिळून पाचशेहून थोडं अधिक किलोमीटर, गाडीनं दहा-अकरा तास धरा. यल्लापूरनंतर अरबैल घाट लागतो, ट्रकची रांग असते, तो अंधारात करू नका. पावसाळ्यात हा सगळा टापू दरडींचा. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली. तसंही तेव्हा बोटी नसतात.

रेल्वेनं होटगी, विजयपूर, बागलकोट, गदग मार्गे हुबळी गाठता येतं, तिथून किनाऱ्याकडे बस. मुरुडेश्वरला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, त्यामुळे गोव्यात असाल तर मडगावहून गाडी बरी पडते. २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमानही सुरू झालं. वेळापत्रक जुळलं तर एक रात्र वाचते.

एक नियम पाळा: पोचलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट, त्याच दिवशी नाही. रात्रभर ड्रायव्हिंग करून सकाळी बोटीत बसलेला माणूस ओकतोच. आदल्या संध्याकाळी देवळाचं वीस मजली राजगोपुर आणि १२३ फुटी शंकराची मूर्ती बघा. लिफ्टनं गोपुरावर गेलात तर उद्या आपल्याला कुठं जायचंय ते पाणी वरून बघून घ्या. पांढरे फेसाळ ठिपके जास्त दिसत असतील तर ते वाऱ्याचं लक्षण. रात्री दारू नको, जागरण नको.

बोटीचा दिवस

नाश्ता दोन इडल्यांचा. उपाशीपोटी मळमळ जास्त होते आणि भरल्यापोटीही, हा मधला मार्ग. शेंगाचटणी-कडक भाकरी परतीसाठी ठेवा.  बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या तासभर तरी आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी वायाच. त्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. बसायचं मागच्या बाजूला किंवा मधोमध, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये मान घातली की संपलं. ओकारी आलीच तर वारा ज्या बाजूला जातोय त्या कठड्यावर जा. उलट बाजूला गेलेल्या एका मामांची आठवण आमच्या ग्रुपमध्ये अजून निघते.

कपडे अंगासरशी. लांब बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज पुरुषांनीही घालाव्यात. पाण्यावर पालथं पडल्यावर ऊन लागतं ते मानेला, पाठीला आणि पोटऱ्यांच्या मागे, आणि ते रात्री कळतं. सुती कुर्ता पाण्यात फुगतो, ओढणी पायात अडकते, साडी तर नकोच. अंग झाकलं की सनस्क्रीन थोडंच लागतं. जे लावाल त्यात ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट नसू दे. प्रवाळाला अपाय नको म्हणून हवाईत ही दोन असलेल्या क्रीमच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. अंगठ्या, साखळ्या हॉटेलवर ठेवा.

मोबाइलचं वॉटरप्रूफ पाकीट घेतलं असेल तर ते आधी घरी तपासा. आत मोबाइलऐवजी टिश्यू पेपर घालून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, वर दगड. सकाळी टिश्यू कोरडा तर पाकीट चांगलं.

पाण्यातली पहिली पाच मिनिटं

उडी मारू नका. शिडीनं उतरा, दोर धरा, मास्क लावून तोंड पाण्यात घाला. पहिल्यांदा खाली बघितल्यावर पोटात गोळा येतो. तळ दिसतो पण लांब दिसतो. उंच गच्चीवरून वाकल्यासारखं वाटतं. दोर धरूनच दहा श्वास मोजा. तलावात जे केलं तेच इथं करायचं, फक्त पाणी खारं आहे आणि ते तुम्हाला विहिरीपेक्षा जास्त उचलून धरतं. घाई कुणाचीच नसते. बोटीवरच्यांची असली तरी तुम्ही करू नका.

जोडी ठरवा आणि दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून जोडीदार आणि बोट दोन्ही बघा. डोक्यावर हात टेकवला म्हणजे सगळं ठीक, हात उंच करून हलवला म्हणजे मदत हवी. म्हणून ओळखीच्यांना बघून हौसेनं हात हलवायचा नाही. ओढ जाणवली तर तिच्याविरुद्ध लढू नका, तरंगत राहा, हात वर करा, बोट येईल. दम लागला, छातीत भरल्यासारखं झालं, खोकला थांबेना, तर कासव समोर असलं तरी लगेच बोटीवर या. प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते दगड नव्हे, जीव आहे, आणि पाय कापतो तो वेगळाच.

कासव दिसलं की

ते बहुतेक वेळा खडकाच्या रंगाचंच असतं. तुम्ही ज्याला दगड समजता त्याला डोळा असतो. माझ्या दुसऱ्या फेरीत मी एका माशाकडे बघत होतो आणि त्या माशामागचा "दगड" हळूच एक फ्लिपर (वल्ह्यासारखा पाय) टेकवून पुढं सरकला. कवचावर शेवाळाचे धागे होते, पाण्याबरोबर डोलत. दोन छोटे मासे मानेजवळ टोचे मारत होते आणि ते आपलं डोळे अर्धवट मिटून न्हाव्याकडे बसल्यासारखं निवांत.

ओळखायला एवढं पुरे: चोच पोपटासारखी टोकदार आणि कवचाच्या खवल्या कौलांसारख्या एकावर एक, मागची कड करवती, तर हॉक्सबिल. ते स्पंज खातं. डोकं गोल, कवच गुळगुळीत, तर हिरवं कासव. मोठेपणी ते मुख्यतः गवत आणि शेवाळावर जगतं, आणि त्याचं नाव कवचावरून नाही, कातडीखालच्या हिरवट चरबीवरून पडलं. आपल्या तळ्यातल्या कासवासारखं हे डोकं कवचात ओढून घेऊ शकत नाही. लपायला घर नाही म्हणून पळतं.

दिसल्यावर थांबा. पायही थांबवा. तीन मीटरच्या आत जायचं नाही. इथं पाण्याची एक गंमत आहे: मास्कमधून बघताना वस्तू पाव हिश्शानं जवळ आणि तृतीयांशानं मोठी दिसते. तुम्हाला तीन मीटर वाटतं तेव्हा खरं अंतर चार मीटर असतं. "एवढ्ढं मोठं होतं" अशी हातानं दाखवलेली मापं म्हणूनच ऐकून सोडून द्यावीत. समोरून जाऊ नका, मागून तर नाहीच, बाजूनं समांतर राहा. त्याच्या डोक्यावर तरंगू नका. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि वर तुम्ही छत होऊन बसलात तर ते दुसरीकडे निघून जाईल. पोहत असलेलं कासव काही मिनिटांनी वर येतंच. ते वर येताना दिसलं की बाजूला सरा, मग ते तुमच्या शेजारी नाक बाहेर काढतं आणि "फुस्स" असा आवाज ऐकू येतो. हा आवाज ऐकायला मिळाला तर पैसे वसूल.

त्यानं फ्लिपरचा वेग वाढवला, मान वळवून दूर निघालं, खाताखाता थांबलं, म्हणजे तुम्ही नको आहात. मागे जायचं नाही. खायला टाकायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, सेल्फी स्टिक त्याच्याकडे रोखायची नाही. फोटो दोन काढा आणि मोबाइल सोडा, डोळ्यांनी बघा. गटातल्या कुणाला दिसलं तर ओरडायचं नाही, बोटानं दाखवायचं. दहा जण एकदम धावले की कुणालाच दिसत नाही. हे बोट सुटायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, अनोळखींनाही. शेअरिंग बोटीत आपलं कासव दुसऱ्याच्या पायाच्या धपाधपीनं पळतं.

नाही दिसलं तर? माझ्या एका मित्राला तीन खेपांत दिसलेलं नाही. तो म्हणतो, बेटावर घिरट्या घालणारा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बघितला, तेवढ्यावर भागवलं.

वर आल्यावर

शिडी आधी घट्ट धरा, मग फिन्स काढून वर द्या, मग चढा. फिन्स घालून शिडी चढणारे मागच्याच्या तोंडावर पडतात. जेलीफिशनं चाटलं असेल तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवून गाइडला दाखवा. आग वाढत गेली, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला तर थेट दवाखाना. कानात पाणी राहिलं तर डोकं तिरकं करून थांबा, काडी घालू नका.

हॉटेलवर मास्क-फिन्स गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत ओले टाकाल तर विजयपूर येईपर्यंत वास येतो आणि सिलिकॉन पिवळं पडतं. सोलापुरात बोअरच्या पाण्यात धुतलेल्या मास्कच्या काचेवर क्षाराचे पांढरे डाग धरतात. शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यानं करा.